बी बाजू, तिसरं गाणं

पिक्चर आमच्याकडे कोणी पाहिलाच नाही.
नागपुरात चार दिवस चालला म्हणतात,
ब्रह्मपुरीला एक खेळ लागला,
त्यातही मध्यंतराआधी लाईन गेली.
सीताबर्डीच्या दुकानदारानं ताराचंदमामाला
अँप्लिफायरवर फुकट दिली ही कॅसेट:
"ने बापा, जागा अडवून बसली हाये."

वरचा कागद येताना नावेतच भिजला.
म्हणून नटांची तोंडं आम्हाला माहीत नाहीत,
नावसुद्धा अर्धंच उरलं, "...चा पहारा".
कशाचा, ते वैनगंगेला ठाऊक.

गुरनुले साऊंड सर्व्हिस म्हणजे
दोन भोंगे, एक डेक, मामा,
आणि पेन्सिलीनं फीत गुंडाळणारी मी, वर्ग सातवा.
वरात यायच्या आधी,
शंकरपटात जोड्या सुटायच्या आधी,
हॅलो हॅलो म्हणून झालं की तो हीच लावायचा.
पहिल्याच गाण्यात गिटार अशी सुरू होते
जसा आरागिरणीत कोणी ओला साग घातला.
म्हातारे ओरडायचे, "ताराचंदा, भोंगा फाटला तुहा!"
बैल मात्र कान टवकारून उभे.

दुसऱ्या गाण्यात ती बाई.
गायच्या आधी श्वास घेते,
आणि तो श्वास त्यांनी कापलेला नाही.
बादली विहिरीत सोडण्याआधी
दोर हातात तोलतो ना आपण, तेवढाच वेळ.
मी आधी तो श्वास शिकले, गाणं मग.

चौथं गाणं वाईट आहे. हेही सांगायला हवं.
बासरी उगाच आणली आहे, मध्येच कोणी हसतो,
ते हसणं खोटं आहे.
तरी आम्ही ते कधी पुढे ढकललं नाही.
घरात एक माणूस असा असतोच.

आणि बी बाजूचं तिसरं, अकरा मिनिटांचं.
दंडारीतला ढोलकीवाला वासुदेव मेश्राम
भोंग्याखाली उकिडवा बसून ड्रम पाठ करून गेला.
त्या साली राजा मरताना त्यानं तोच ठेका धरला,
तर राजा मरायचा थांबला, ऐकत राहिला,
प्रधानानं ढोसला तेव्हा मेला.

पुढे डेकनं फीत खाल्ली, ऐन पटाच्या गर्दीत.
मामानं पत्तीनं चुरगळलेला तुकडा कापला,
चिकटपट्टी लावली.
तेव्हापासून ती बाई म्हणते,
"मी येईन तेव्हा"
आणि उडी मारून एकदम,
"कंदील विझवू नको."

मधल्या खड्ड्यात आम्ही आपापलं भरलं.
वासुदेव म्हणायचा, पहाट होईल.
शेवंता खोब्रागडे चुलीपाशी म्हणायची,
भात निवला असेल.
पोस्टमन सोनकुसरे काहीतरी लांबलचक कोंबायचा,
ते तालात कधी बसलं नाही.
मामा नुसता मान हलवायचा.
माझे शब्द मी मोठ्यानं म्हटलेच नाहीत,
अजूनही म्हणणार नाही.

यंदा फाल्गुनात भाच्यानं अख्खी गाणी मोबाईलवर काढली.
"मावशी, तुझी ती कॅसेट!"
मी म्हटलं थांब, आधी पंखा बंद कर.

मधल्या जागेत काहीच नव्हतं.
काडीवर काडी, चारदा,
आणि तिचा तोच श्वास.

वासुदेवदादाला सांगायला गेले.
एका कानानं ऐकतो आता.
"मंग काय होतं तिथं?"
"काही नव्हतं दादा. जागा होती."
त्यानं बाजेच्या गातावर चार बोटं वाजवली,
चुकलं, पुन्हा वाजवली.
"मंग माही पहाट राहू दे तिथंच," म्हणाला,
"कोन कुठं उचलून नेते?"

घरी येऊन ट्रंक उघडली.
पट्टी पिवळी पडली आहे,
नखानं बघितलं हळूच,
सुटत नाही.