शेवटचा फॉर्मा

कादंबरी आली तेव्हा तिची पाठ मोडली होती.
वाचनालयाच्या शिपायानं ती माझ्या पाटावर टाकली:
'दस्तगीर, शनिवारपर्यंत दे. दोघंजण
हिच्यासाठी सारखे खेटे घालतायत.'

साखर पेठेत माझं दुकान, एका पायरीएवढं.
जुन्या मिलचा भोंगा झाला की
खळीवरची साय थरथरायची.
मैद्यात मोरचूद घालायचो, कसर लागू नये म्हणून.

बाइंडर पुस्तक उसवताना वाचतो,
हाताला येईल ते पान, मागचं आधी.
किल्ल्यात राहणारी सरदाराची तरुण विधवा,
रात्री चाफा घेऊन येणारा एक स्वार,
आणि दर अवसेला खंदकात तरंगणारा
एकेक पहारेकरी.
शेवटचा फॉर्मा नेमका वर होता.
त्यामुळं खून कुणी केले हे मला
त्यांची भेट व्हायच्या आधीच कळलं.
स्वारानं.
चाफ्याच्या त्याच हातांनी.

मग पान दिव्यासमोर धरलं
आणि अक्षरांखाली भोकं दिसली.
सुईची. बारीक, एका ओळीत दोन, कधी तीन.
जुळवत बसलो, जेवण राहिलं.
'बे', 'स्त', 'र', 'वा', 'री'.
पुढच्या प्रकरणात 'त', 'ळ्या', 'व', 'र'.
त्याच्या पुढं पेन्सिलीचे ठिपके:
'ये', 'तो'.
आणि समासात निळा अंगठा,
धुऊन न जाणारा, रंगखात्यातल्या माणसाचा.

नावं रजिस्टरात सापडली.
नागमणी गाजूल, म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण.
चन्नवीर हत्तुरे, मिल.
आळीपाळीनं नऊ वेळा नेलेलं एकच पुस्तक.
तिच्या घरी तेलुगू, त्याच्या घरी कन्नड,
बोलणं सगळं ह्या मराठी कादंबरीतून,
तेही भोकाभोकानं.

आता सांगतो काय केलं ते.
मी शेवटचा फॉर्मा शिवलाच नाही.
सोळा पानं. कात्रीसुद्धा लागली नाही.
तिला शेवट कळला असता
तर त्या निळ्या अंगठ्याकडं
तिनं दुसऱ्याच नजरेनं बघितलं असतं,
असं मला वाटलं. माझं वय तेव्हा एकवीस.
शिपायाला सांगितलं, उंदरांनी खाल्लं.
त्यानं उंदरांना शिवी दिली.

नंतर पुस्तक परत कधी आलं नाही.
मिल संपावर गेली, सुटली, पुन्हा गेली.
मी लग्न केलं, दाढी पांढरी झाली.

परवा एक बाई आल्या. छत्री मिटली,
पायरीवर बसल्या. गळ्यात
इष्टलिंगाची चांदीची डबी.
मी डबीकडं बघितलं आणि गप्प राहिलो.
'उंदरानं खाल्लेलं आहे का अजून?'

गठ्ठ्यांच्या तळाशी होतं. काढून दिलं.
आणि बोलून गेलो, बाईसाहेब, शेवट वाईट हाय,
तुम्ही वाचू नये म्हणून...

'पंढरीनाथ वकिलांकडं दुसरी प्रत होती की,'
त्या म्हणाल्या, 'पहिलं भोक पाडायच्या आधी
पूर्ण वाचली होती मी.'

मग भीती नाही वाटली?

'वाटली. म्हणून तर सुईनं विचारलं.
कागद फाडायचा नव्हता,
आणि शाईनं लिहिलं असतं
तर पुसता आलं नसतं.'

सोळा पानं त्यांनी चाळली नाहीत.
नाकाशी धरली फक्त.
'मोरचूद,' म्हणाल्या, 'अजून येतोय वास.'
मग पुडकं माझ्या खळीच्या भांड्याखाली
सरकवलं, परत होतं तिथंच.

'राहू दे इथं. आमच्या ह्यांना
अजून वाटतंय, पहारेकरी
घसरून पडले.'