पत्ता

जालना, सळयांच्या दुकानावरची खोली.
बियाण्याची उगवण मोजायचं आमचं ॲप
अंबडला चार फोनांवर पडलं.
रिपोर्टात नुसते आकडे, शून्य एक्सपासून
खाली, आणखी खाली.
घरनंबर आहेत, माणसं नाहीत.

त्या बिल्डची सिम्बॉल फाइल वैजनाथकडं.
तो गेला पुण्याला; पेनड्राइव्ह मात्र
खिळ्याला अडकवून गेला, किल्ली अडकवावी तसा.

लावला. आकडे नावं सांगू लागले
हजेरीला उभ्या पोरांवाणी.
चौथ्या ओळीला फंक्शन: सध्यापुरतं.
उगवलेलं भागिले पेरलेलं.
पेरलेलंच शून्य असेल तर,
हे कुणी विचारलंच नाही.

कुणी लिहिलं ते बघितलं. तारीख पोळ्याची,
नाव माझं.

वैजनाथला संध्याकाळपासून
घातलेल्या शिव्या
परत घ्यायला फोन लावावा,
तर पावणेतीन वाजलेत.