माग चालू असताना

बसमध्ये डोकी मोजली. बावीस.
पुन्हा मोजली, तेवीस भरली.
अँब्रोजच्या जागेवर, खिडकीशी,
विनिफ्रेड बसली होती,
मांडीवर त्याचाच पत्र्याचा डबा.
"पैसे त्यानं मार्चमध्येच भरलेत," ती म्हणाली,
"आणि तुम्ही लोक परत थोडेच देणार."
मी चिटणीस. यादीतल्या त्याच्या नावावरची
पेन्सिलीची रेघ पुसून टाकली.

चढ लागला, बस धापा टाकू लागली,
तेव्हा मागच्या बाकांवरून तीन निदानं आली,
तिन्ही छातीठोक, तिन्ही वेगळी.
ड्रायव्हरनं रेडिओ मोठा केला.

रॅमसक्लफची गिरणी आता संग्रहालय आहे.
छप्पर अजून करवतीच्या दात्यांचं,
उत्तरेचा उजेड तेवढा आत घेणारं.
तिकीटखिडकीपाशी लोकरीच्या मेंढ्या विकायला ठेवल्यात.
इथं जन्मात लोकर आली नाही. कापूसच.

इंजिनघरात हेस्केथनं पाटी वाचली: पाचशे अश्वशक्ती.
"चारशे ऐंशी," ऑर्मरॉड म्हणाला, "फार तर."
मग बॉयलरचा दाब निघाला, सिलिंडरचा व्यास निघाला,
कुणाच्या तरी खिशातून मोजपट्टी निघाली,
आणि कित्येक वर्षं न फिरलेलं ते चाक
बिचारं ऐकत उभं.
अँब्रोज असता तर म्हणाला असता,
याला तेल कोण घालतं ते विचारा आधी.
हे मला सुचलं. बोललो नाही.

मागांच्या दालनात पोरगेलासा वाटाड्या
धोटा हातात घेऊन सांगत होता,
या भोकातून धागा ओवायचे.
"ओवायचे नाहीत," विनिफ्रेड म्हणाली, "ओढायचे. तोंडानं."
आणि ओठांचा चंबू करून दाखवला.
"पंधराव्या वर्षापासून. सगळ्या बायकांची एकच थुंकी."
पोरगा हसला, मग हसायचं की नाही ते त्याला कळेना.
"पूर्वी इथं तीनशे माग होते," तो म्हणाला, "आज चारच लावतो,"
आणि पट्टा सरकवला.

चारच. पण आम्ही बावीस इंजिनिअर
वाक्याच्या मध्यावर अडकलो.
ऑर्मरॉडचं बोट हवेत, तोंड उघडं,
आकडा कुठे सांडला कुणास ठाऊक.
आवाज कानात नव्हताच;
फरशीतून टाचेत, टाचेतून दाढेत.

तेव्हा पाहिलं: विनिफ्रेड बोलतेय.
मागांच्या पलीकडे झाडू धरून उभी असलेली
निळ्या एप्रनातली एक म्हातारी, तिच्याशी.
ओठ मोठे, सावकाश, भुवया, हनुवटी, सगळा चेहरा कामाला लागलेला,
आणि पलीकडून उत्तर येतंय,
त्या गदारोळाला जराही धक्का न लावता.
एकदा दोघी हसल्या. आमच्याकडे बघून, बहुतेक.
मग हसणं थांबलं.
मला एकच शब्द वाचता आला,
कारण त्यात ओठ मिटतात, सुटतात आणि गोल होतात:
अँब्रोज.
निळ्या एप्रननं झाडू भिंतीला टेकवला
आणि हात छातीवर ठेवला.

माग थांबले. कान भरून आले शांततेनं.
विनिफ्रेडचे ओठ अजून एक वाक्य चालले,
बिनआवाजाचे,
धावत्या चाकाला थांबायला वेळ लागतो तसे.

परतीला मी विचारलं, जुनी ओळख का?
"छे. ती पलीकडच्या खोऱ्यातली. आज पहिल्यांदा पाहिली.
तिनं विचारलं, तुझं कोण गेलं.
मी सांगितलं."

पाच महिने. सभेत आम्ही एक मिनिट उभे राहिलो होतो,
नंतर पंपाच्या दुरुस्तीवर मतदान झालं.
विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

खिडकीबाहेर मेंढ्या, खऱ्या. पावसाची भुरभुर.
हेस्केथ बराच वेळ चुळबुळ करत होता.
मग वाटेपलीकडच्या बाकावरून तिच्याकडे वळला
आणि आवाज न काढता, ओठ ताणून ताणून
काहीतरी म्हणाला. लांबलचक.
तिनं डोळे बारीक करून वाचलं.
"टोमॅटोचं की चीजचं?" तिनं डबा उघडला.
त्याला ते म्हणायचं नव्हतं.
त्यानं टोमॅटोचं घेतलं.