डावं इंजिन कोमट होतं

सकाळी सातला, तापोळ्याच्या उतारावर,
पवारनं ताडपत्री ओढली.
दोन पोटांची, एका पाठीची ती बोट,
नाकं तांबड्या चिखलात, शेपट्या पाण्यात.
मागं साठ-साठ घोड्यांची दोन इंजिनं.
"एका हातची हाय. मालवणच्या डॉक्टरची.
रविवारी तेवढी फिरायची."

मी बोललो नाही.
तळवा ठेवला, आधी उजव्यावर:
माठाच्या बुडासारखं गार.
मग डाव्यावर.
डावं इंजिन कोमट होतं.

तेहतीस वर्षं मेढ्यात पाण्याचे पंप उघडतोय.
गार इंजिनाला खोटं बोलता येत नाही,
म्हणून विकणारे त्याच्याआधी उठतात.
"चहा घेऊ," म्हटलं. "निवांत. निवेपर्यंत."

इंदूताई कोंढाळकर बरोबर होत्या.
त्यांची लाकडी लाँच मार्गशीर्षात
वासोट्याहून येताना बंद पडली,
चौदा पोरं, काळोख, एकच इंजिन, चार तास.
पोरं आधी गाणी म्हणत होती.
मग म्हणेनाशी झाली.
तेव्हापासून ताईंना दोन पाहिजेत.

चहा उकळेस्तोवर खिशातला रुपया काढला
आणि बोटीचं अंग ठोकत निघालो, वीत-वीतभर.
टक्. टक्. टक्.
दोन पोटांच्या मधल्या बोळात वाकून, टक्.
मागच्या फळीला, डाव्या इंजिनाच्या बैठकीखाली,
थप्प.
पुन्हा ठोकलं. थप्प.
पवार तेव्हा डोंगराकडे बघत होता.

काट्यांच्या पाटीमागं हात घातला.
वायरींना हिरवी बुरशी, बोटाला पांढरं.
चाटून पाहिलं: खारट.
कोयनेच्या पाण्यावर उभा राहून
समुद्र चाखला मी, कपबशी हातात धरून.

उजव्याचे तास दोन हजार दोनशे दहा.
डाव्याचे एक हजार चाळीस.
(एवढे रविवार कुठल्या डॉक्टरला मिळतात?)
जू दोघांच्या मानेवर, ओढणारा एक.
डाव्याच्या गियरचं तेल बशीत काढलं,
ते आणि चहा, रंग एकच.
"पाणी गेलंय," मी म्हणालो.
"थोडं," पवार म्हणाला. आज पहिल्यांदा खरं.

नऊला डावं निवलं.
चौथ्या किल्लीला उठलं, निळा धूर सोडत,
कुणी अंगावरची वाकळ ओढल्यासारखं कुरकुरत.
पाण्यात गेलो. दोन्ही चालू: सरळ, ऐटीत,
लाट मधल्या बोळातून जाताना टाळी देई.
डावं बंद केलं: उजवं एकटं, सवयीचं,
डावीकडं जरा कलत, पण निघालंच.
मग उजवं बंद.

डावं धापा टाकू लागलं.
सुकाणू पुरतं वळवून धरावं लागलं,
तरी आम्ही एक मोठं, बेढब वर्तुळ काढत होतो.
खोलीच्या यंत्रावर चोवीस, चोवीस, चोवीस,
एकदम सतरा. परत चोवीस.
"खडक असंल," पवार म्हणाला.
ताईंनी पडद्याकडं पाहिलंही नाही.
"चावडी," म्हणाल्या,
आणि मला विचारलं:
"ह्या एकट्यावर बामणोली गाठंल का?
रात्रीची? माणसं भरून?"

सोळा लाखांचा माल होता समोर.
त्याचे डाग मी बोटांवर मोजले होते,
पण हा प्रश्न कुठल्या बोटावर घ्यायचा?
"आज नाही," म्हटलं. "गियर उघडून, सील बदलून,
मागची फळी कापून नवी घालून,
मग गाठंल. वाकडं जाईल. पण जाईल."
"वाकडं चालंल," ताई म्हणाल्या.

साडेअकरावर तुटलं.
पवार शपथा घेत होता, हिशोबही करत होता.
इसाराचे पाच हजार ताईंनी मोजले,
वरच्या एकासाठी पिशवी चाचपली, सुट्टे नव्हते.
मी माझा रुपया पुढं केला,
एका कडेला बोटीचा पांढरा रंग लागलेला.
पवारनं तो घेतला,
उलटून पाहिला,
आणि का कुणास ठाऊक, नखानं
एकदा वाजवला.