काट्यावरून उतरताना

उतर आता.
दोनदा मोजलं, बूट काढून मोजलं,
तुझ्या बापानं काट्याला टिचकीही मारून पाहिली.
गालबद्राख हिशेबाचा कच्चा नाही,
पण आज त्याला काटा खोटा ठरायला हवा होता.
सदतीस किलो.
खोंगोरच्या पाठीवर यंदा सारनाई बसेल.

मला कालच कळलं होतं, एर्खेम.
शर्यतीआधी पोरं फेर धरून घोड्यांसाठी हाळी गातात ना,
ती तू लांब ओढलीस, आणि मध्येच
तुझा आवाज फुटला,
पत्र्यावरून खिळा ओढावा तसा.
बारा घोड्यांनी एकदम कान फिरवले.
पोरं हसली. सारनाई सगळ्यांत जास्त.

चल, नदीपर्यंत ये माझ्याबरोबर.
तंबूत हे बोलता येत नाही. सहा माणसं, एक चूल,
आणि नमद्याच्या भिंती, त्यांना कानच कान.

घोड्याचं वय आपण दातांवरून सांगतो.
ओठ वर केला, पक्के दात मोजले, झालं.
तुझं असं एका जागी लिहिलेलं नाही.
आधी पावलं वाढतात.
उरलेला देह मागून येतो,
बिऱ्हाड हलवताना सामानाची गाडी मागे राहते तसा.
म्हणून परवा उंबऱ्याला अडखळून तू दूध सांडलंस
आणि आईला वाटलं, पोराचं लक्ष नाही.
रात्री नडग्या ठणकतील.
ओठावर मिसरूड फुटेल, कपाळावर पुटकुळ्या;
त्या फोडू नकोस, माझा गाल बघ.
काखेत केस येतील, खालीही.
घामाला वास येईल.
खोंगोर चार दिवस तुला हुंगून मागे सरेल,
हा कोण परका, म्हणून.
मग ओळखेल.

कधी सकाळी पांघरूण ओलसर निघेल.
आजार नाही तो, पापही नाही,
देह झोपेत आपापली कामं शिकत असतो.
उन्हात टाक. आई विचारणार नाही.
माझ्याही आईनं विचारलं नव्हतं,
नुसती त्या दिवशी चहात लोणी जास्त घातलं.

आणि एक. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
तुझ्याएवढा होतो, छातीत एका बाजूला गाठ आली,
अंगठ्याच्या नखाएवढी, दुखरी.
मला वाटलं, संपलं.
अख्खा हिवाळा अंगरखा आवळून झोपलो.
पुढच्या वर्षी कधीतरी ती गेली, मलाही कळलं नाही कधी.
पुष्कळ पोरांना येते म्हणे.
तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं
तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.
एका हिवाळ्याचं भय, आणि एका वाक्याचं औषध.
म्हणून बोलतोय. नाहीतर मला कुठे एवढं बोलता येतं.

राग येईल. कुणाचा, ते कळणार नाही.
मी एकदा आजोबांच्या पायाशी खोगीर भिरकावलं होतं.
त्यांनी ते उचलून जागेवर ठेवलं,
आणि दोघं मिळून आम्ही मेंढ्या मोजल्या.
तुझ्याच वयाचा तो दाशनिम, अजून अठ्ठावीस किलोचा.
तू त्याच्यावर जळतोस.
आणि तो रात्री रडतो,
त्याला वाटतं आपण लहानच राहून गेलो.
विचार त्याला. नको, विचारू नकोस.
नुसता त्याच्याशेजारी बस.

हे घे. माझ्या बापाची लाकडी पट्टी,
शर्यतीनंतर घोड्याचा घाम निथळवायची.
हलक्या हाताला जमत नाही हे, जोर लागतो,
आणि जोर कुठे थांबवायचा तेही कळावं लागतं.
ते अजून मलाही पुरतं कळलेलं नाही.

संध्याकाळी सारनाईची रिकीब आखूड करून दे.
आणि तिला हाळी शिकव.

या आवाजात?

याच आवाजात.
फुटेल तिथं थांब.
पुढचं ती ओढेल.