धारेचा दगड

विळा घासताना रेहंज्याचा हात
दर वेळी एकाच जागी अडखळतो.
तिथे दगडात शिंपला आहे,
अंगठ्याच्या नखाएवढा,
सुपाच्या काड्यांसारख्या बारीक रेघांचा.
वाळूचा दगड मऊ, तो झिजत गेला;
शिंपला मात्र दर सुगीला थोडा अधिक वर येतो.

‘खोड आहे दगडात,’ रेहंज्या म्हणतो
आणि पातं तिथून अलगद उचलून नेतो,
दारात झोपलेल्या कुत्र्याला ओलांडावं तसं.

मी धडगावला आश्रमशाळेत भूगोल शिकवतो.
समुद्र मीही एकदाच पाहिलाय,
सहलीत, सुरतेकडे, ओहोटीच्या वेळी.
म्हणजे चिखलच.
पुस्तकात ‘कालवं’ वाचलं तेव्हा
मला आधी पाटबंधारे खातं आठवलं होतं.

तरी सांगितलं त्याला:
इथे दर्या होता, रेहंज्या.
हा सातपुडा नव्हता, वरचा काळा पाषाण नव्हता,
उथळ, कोमट पाणी होतं इथवर.
त्यात मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले जीव,
पाठीवर पाच पाकळ्या कोरलेले काटेरी गोळे,
आणि एक दात सापडलाय म्हणे, माशाचा,
पण माशाचा वाटू नये असा.
मग वाळू बसत गेली त्यांच्यावर.
आणि फार नंतर, जमीन फाटून
विस्तवाचा चिखल आला,
थरावर थर, थरावर थर.

कधी, त्याने विचारलं.
मी बोटाने मातीत नऊ काढला,
पुढे सात शून्यं.
सातव्यावर कोंबडी येऊन उभी राहिली.

रेहंज्या बराच वेळ शून्यांकडे बघत बसला.
मग म्हणाला,
‘त्यांना नोटीस आली होती का?’

जुन्या पाड्यावरून निघताना त्याने
दाराची चौकट आणली, सागाची,
तीन कोंबड्या, डोबीचं दोर,
आणि हा दगड, नदीकाठच्या कड्यातून
त्याच्या आज्याने फोडून काढलेला.
तो कडा आता खाली आहे.
वरून बोट जाते, मंगळवारी दवाखान्याची.
पाणी हिरवं. गोडं.

शाळेच्या कपाटासाठी मी दगड मागितला.
चिठ्ठी लावू म्हटलं, तुझं नाव लिहू.
‘मग धार कशावर लावू?’

लोट्यातलं पाणी त्याने दगडावर ओतलं.
शिंपला ओला झाला,
काळाभोर, चकचकीत, जरा वेळ.
मग पातं आलं,
तिथे उचललं,
पुढे गेलं.