बाष्पीभवन

घड्याळ म्हणतं, दोनशे अठरा.
चाळीस मिनिटं, वजन एक्याऐंशी किलो,
पोहण्याचा प्रकार : इतर.
बेडूकपोहणं त्याच्या यादीत आहे,
मी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो
ते नाही.

परभणीचा तरणतलाव, साडेसहाची बॅच,
क्लोरीन हात सैल सोडून टाकलेलं.
काठावर मुबीन शिट्टी फिरवत रोज विचारतो,
"ढगे काका, किती जळायल्यात?"
मी आकडा सांगतो. त्याला पटतो.
भाकरीच्या भाषेत पावणेदोन,
ठेचा वेगळा.

आकड्यांचं मला अप्रूप नाही.
एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, येलदरीला,
धरणाच्या भिंतीमागं
तारेच्या कुंपणात एक पत्र्याचं गोल पात्र.
सकाळी साडेआठला वाकून बघायचं,
काल किती उडालं.
अकरा पॉइंट दोन मिलिमीटर. मे महिना.
गुणिले गुणक, गुणिले पाण्याचा पसारा,
म्हणजे अख्ख्या जलाशयाची घट.
खाली सही, सहीवर शिक्का.
आडनावावरून साहेब लोक हसायचे.

कुंपणाला भोक होतं.
त्यातनं होले यायचे, एप्रिलात मुंगूस,
एकदा तर सरपण वेचणारी बाई
माझ्यादेखत तोंड धुऊन गेली.
मी लिहिलं : बाष्पीभवन.
दुसरा रकाना नव्हता.

आज तिसऱ्या फेरीला
रेवणची ट्यूब सटकली. खोल बाजूला.
एक हात वर दिसला, मग तोही नाही.
मी चार हातांवर होतो.
गेलो नाही.
गुडघा, असं म्हणालो असतो,
कुणी विचारलं असतं तर.
कठडा धरून उभा राहिलो
आणि मुबीननं कपड्यांसकट उडी घेतली.
पोरगं खोकलं, रडलं,
मग बिस्किटाचा पुडा मागायलं.

मी तसाच, छातीभर पाण्यात.
मनगटाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता,
इमानानं मोजत होता.

आता टॉवेल गुंडाळून आलेख बघतोय :
त्या सात मिनिटांत
रेघ सगळ्यात उंच गेलीय.
जागचा न हलता
इतका मी कधीच पोहलो नव्हतो.

"काका, किती?"
मुबीन अंगातला शर्ट काढून पिळतोय.
त्याच्या मनगटावर काहीच नाही.
"दोनशे अठरा."
"लई भारी."

फरशीवर शर्टाचं पाणी साचलंय, ओंजळभर.
ऊन अजून भिंतीपलीकडं आहे.
त्याच्या आधी
एक होला उतरलाय.